अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि मुळाची ओढ

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत पोखर्णी लागतं. नृसिंहाच्या दर्शनाला आलेली माणसं परतताना देवाची तसबीर विकत घेतात. ती घरच्या देवघरात लागते, तिच्यापुढे रोज उदबत्ती लागते, सणाला हार चढतो. तरीही नृसिंह जयंती जवळ आली की तेच कुटुंब पुन्हा पोखर्णीची गाडी पकडतं. घरातल्या तसबिरीमुळे मूर्तीची ओढ कमी होत नाही, उलट ती जागती राहते.

प्रसिद्ध कलाकृतींच्या प्रतिकृतींविषयी बोलताना आपण बहुधा ‘हुबेहूब आहे का’ एवढंच विचारतो. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. प्रतिकृती पाहून माणसाला मुळाकडे जावंसं वाटतं, की मूळ पाहून झालं असं वाटतं? मराठवाड्यापुरतं बोलायचं तर या प्रश्नाची सगळ्यात कठोर परीक्षा अजिंठ्यात झाली आहे, आणि ती पावणेदोनशे वर्षं चालू आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल 1844 साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमला गेला. अंधारी लेणी, वटवाघळं, ताप, तोकडी साधनं अशा परिस्थितीत जवळजवळ वीस वर्षं तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत अजिंठा उतरवत राहिला. ती चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर 1866 च्या आगीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सोडून सगळी जळाली. गिल 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. मराठी वाचकाला तो ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे पारो या स्थानिक तरुणीचा प्रियकर म्हणून माहीत आहे, पण चित्रकार म्हणून त्याचं नाव क्वचितच निघतं. मला ही मोठी उणीव वाटते.

गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार त्यांत होते. 1872 ते 1885 या काळात सुमारे तीनशे चित्रं तयार होऊन लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली. तिथेही 1885 साली आग लागली आणि शंभराहून अधिक चित्रं नष्ट झाली किंवा खराब झाली. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केलेल्या नकला 1923 च्या तोक्यो भूकंपातल्या आगीत गेल्या. मूळ भिंतींनी दीड हजार वर्षं काढली, आणि त्यांच्या नकला तीनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

ग्रिफिथ्सच्या कामाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. नक्कल नीट करता यावी, रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश फासलं गेलं. 1920 नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे चिकटवून भिंती वाचवल्या, पण त्यांनीही लाखेचा लेप दिला. पुढे हे थर पिवळे-तपकिरी पडले आणि ते काढण्यात आपल्या पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली. म्हणजे चांगल्या प्रतीच्या हव्यासापायी मुळालाच इजा झाली. पण आज त्या भिंतींवरून जे झडून गेलं आहे, त्यातलं काही ग्रिफिथ्सच्या उरलेल्या कॅनव्हासवरच पाहायला मिळतं. अशा ठिकाणी प्रतच साक्षीदार होते. मराठवाड्यातल्या जुन्या दगडी देवळांवर ऑइल पेंट चढताना आणि फरशा बसताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना अशा साक्षीची किंमत वेगळी सांगायला नको.

तरीही गिल-ग्रिफिथ्सच्या तैलचित्रांत अजिंठा पूर्ण उतरला, असं मी म्हणणार नाही. अजिंठ्याची चित्रं माती, भुसा, गवत यांच्या गिलाव्यावर, पातळ चुन्याच्या थरावर, गेरू, काजळी, हिरवी माती, लाजवर्द अशा रंगांनी काढली आहेत. त्यांचा पोत कोरडा आहे. तैलरंगाला स्वतःची चमक असते, त्यात ती शांतता हरवते. शिवाय व्हिक्टोरियन डोळ्यांना छायाप्रकाशाची सवय होती, आणि अजिंठ्याची ताकद रेषेत आहे. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या झुकलेल्या पापण्या छायेने घडलेल्या नाहीत, त्या एका न थांबलेल्या रेषेतून आल्या आहेत.

ती रेष पकडली 1909 ते 1911 दरम्यान ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅमबरोबर आलेल्या तरुणांनी. त्यांत बंगालचे नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते, हैदराबादचे सय्यद अहमद होते. बोसांच्या पुढच्या साऱ्या चित्रकलेत अजिंठ्याची रेष वाहताना दिसते. नक्कल करताना त्यांचा हात शिकत होता. मला प्रतिकृतीचं हेच सर्वोच्च रूप वाटतं. तयार झालेला कागद जळाला तरी चालेल, तो काढताना चित्रकाराच्या हाताला जे कळलं ते जळत नाही.

छापील प्रतींची गोष्ट वेगळी. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. मूळ तैलचित्र कुठे आहे, हे त्या घरांना ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. बायकांनी त्या चित्रांना जरी, टिकल्या, कापड लावून नटवलं. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने 1930 च्या दशकात म्हटलं होतं की, यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृतीभोवतीचं वलय विरतं. आपल्या देवघरांत मात्र छापील चित्रालाच वलय लाभलं, कारण त्याला रोजचा वापर मिळाला.

आजची स्थिती काय? अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जसाहाय्यातून अभ्यागत केंद्र उभं राहिलं. त्यात 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती आहेत. कल्पना उत्तम होती. फ्रान्समध्ये श्वासाच्या वाफेने चित्रं बिघडू लागल्यावर लास्कोची गुहा 1963 साली बंद केली गेली, आणि 1983 पासून लोक तिची प्रतिकृती पाहतात. आपल्या केंद्राने हाच भार उचलायचा होता. पण थकलेल्या वीज-पाणी बिलांपायी ते बंद पडलं. प्रतिकृतीलाही राखण लागते, हे आपल्या योजनाकारांच्या गावीच नव्हतं.

दुसरीकडे नाशिकचे प्रसाद पवार अंधारात छायाचित्रं घेऊन संगणकावर झडलेले भाग भरत आले आहेत. त्यामागची चिकाटी मी मानतो. मात्र भरलेला भाग कोणता आणि उरलेला कोणता, हे प्रत्येक मुद्रितावर स्पष्ट दिसायला हवं. नाहीतर उद्याची मुलं कल्पनेलाच पुरावा मानतील.

माझं मत सरळ आहे. मूळ भिंतीसमोरच्या अंधारात डोळा हळूहळू सरावतो आणि चेहरे वर येतात. तो अनुभव कुठलीही प्रत देऊ शकत नाही, आणि तिने तसा दावाही करू नये. पण प्रामाणिक प्रत डोळा तयार करते, मुळावरची गर्दी कमी करते आणि झीज नोंदवते. म्हणून केंद्रातल्या चारही लेण्यांचे दिवे कायम चालू राहतील असा खर्च सरकारने बांधून द्यावा. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना दर हिवाळ्यात तिथे बसवून, छापील नमुन्यावरून नव्हे, हाताने, मातीच्या गिलाव्यावर नक्कल करायला लावावी. आणि शिक्षकांनी त्यांना शेवटच्या दिवशी वर, मूळ लेण्यांत न्यावं.