नायक आणि आदर्श : ‘वासूनाका’च्या निमित्ताने

भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ १९६५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्यावर अश्लीलतेचा कठोर आरोप केला. दुर्गा भागवत यांनी लेखकाची बाजू घेतली. या वादाच्या मुळाशी अश्लीलतेहून व्यापक असा एक प्रश्न होता : कथानायकाचे आचरण वाचकाने अनुसरावे अशा योग्यतेचे असलेच पाहिजे काय?

‘श्यामची आई’वर पोसलेल्या अभिरुचीस याचे उत्तर होकारार्थी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘वासूनाका’चा निवेदक पोक्या हा स्वतःच नाक्यावरच्या टोळक्यापैकी एक आहे. मुलींची छेड काढणे हा त्याच्या लेखी पराक्रम. तो ते मुंबईच्या रस्त्यावरील बोलीतच सांगतो. त्याला दुरुस्त करणारा प्रमाणभाषेतील दुसरा आवाज लेखकाने योजिलेला नाही. हे मौन म्हणजे संमती, असे मानले की आरोप सिद्ध होतो. वस्तुतः निवेदकाचे वाक्य हे लेखकाचे विधान नव्हे. पोक्याची फुशारकी आणि तिच्यातून नकळत उघडे पडणारे रितेपण यांतील अंतर वाचकानेच मोजावयाचे आहे.

या निवेदनात मुलींची बाजू दृष्टीआड राहते, हा आक्षेप यामुळे मिटत नाही. पण तो निराळा आणि अधिक रास्त आक्षेप होय. उल्हासनगर-अंबरनाथच्या नाक्यांवरून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पोक्याचे अनुकरण करील काय, या चिंतेपेक्षा त्याला ही भाषा ओळखीची का वाटते, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. नायक आदर्श नसल्याने वाचकाची नैतिक जबाबदारी कमी होत नाही. निवाडा त्यालाच करावा लागतो.