'टिकाऊ' म्हणजे किती, 'सुरक्षित' म्हणजे कुणासाठी? एका काठपट्टीची उलटतपासणी



लिटरेचर सर्व्हेसाठी पेटंट वाचायला घेतलं की दोन शब्द हमखास भेटतात: 'टिकाऊ' आणि 'अधिक सुरक्षित'. आपण ते उचलतो, सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात ठेवतो आणि पुढे सरकतो. आज या दोन शब्दांना जरा प्रश्न विचारू. वस्तू मुद्दाम साधी घेतली आहे: बोलिंग अ‍ॅलीतल्या अप्रोचच्या कडेला लावतात ती काठपट्टी.

आधी जागा समजून घ्या. लेनच्या अलीकडे, फाउल लाइनच्या मागे, खेळाडू पावलं टाकत येतो तो लाकडी किंवा लॅमिनेटचा पट्टा म्हणजे अप्रोच. नियमाप्रमाणे त्याची लांबी किमान १५ फूट, म्हणजे साधारण ४.५७ मीटर. बऱ्याच ठिकाणी तो बसायच्या जागेपेक्षा एखादी पायरी उंच असतो. त्याच्या उघड्या कडेवर रोज शेकडो पाय पडतात आणि अधूनमधून चेंडूही आपटतो. ही कड झाकायला लाकडाची, अ‍ॅल्युमिनियमची किंवा व्हिनाइल-रबराची पट्टी लावतात. तिच्या सुधारित रूपाबद्दलचा दावा साधारण एकाच साच्याचा असतो: जुनी पट्टी झिजते, उखडते, पाय अडकतो, आमची टिकाऊ आहे आणि सुरक्षित आहे.

आता पहिला शब्द. टिकाऊ, पण कशासमोर? इथे किमान तीन वेगळे शत्रू आहेत.

एक, घर्षणाने होणारी झीज. त्यासाठी टेबर चाचणीचा आकडा देतात. सपाट नमुना फिरवायचा, त्यावर घासणारी चाकं ठेवायची आणि किती वस्तुमान गेलं ते मोजायचं. चाचणी चांगलीच आहे, पण नमुना सपाट आहे! पट्टी झिजते ती कोपऱ्यावर, जिथे सगळा भार एका बारीक रेषेवर येतो. सपाट नमुन्याचा आकडा कोपऱ्याचं आयुष्य सांगत नाही.

दोन, आघात. सगळ्यात जड चेंडू १६ पौंडांचा, म्हणजे ७.२६ किलो. तो ६० सेंटिमीटरवरून निसटला तर साधारण ४३ ज्यूल ऊर्जा घेऊन पट्टीवर येतो. अ‍ॅल्युमिनियमला कायमचा पोचा पडू शकतो. रबर पूर्ववत होतं, पण धक्का खालच्या गोंदापर्यंत पोचतो.

तीन, तापमान. हा शत्रू दाव्यांत बहुतेक वेळा नसतोच. अ‍ॅल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढतं. लाकूड रेषांच्या दिशेने फक्त ३ ते ५, आणि पीव्हीसी ५० ते ८०. समजा रात्री एसी बंद झाला आणि तापमानात १० अंशांचा फरक पडला. अप्रोचच्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीत आणि खालच्या लाकडात जवळपास ०.९ मिमीचा फरक येतो. पीव्हीसी असेल तर ३ मिमीच्या आसपास. स्क्रूची भोकं नेमक्या मापाची असतील तर ही ओढाताण रोज स्क्रूवर येते. म्हणजे प्रश्न पट्टीच्या पदार्थाइतकाच ती बसवण्याच्या पद्धतीचा आहे. भोक लांबट ठेवलंय का, हे आकृतीत बघा. वर्णनातल्या दहा विशेषणांपेक्षा ती एक आकृती जास्त बोलते.

आता दुसरा शब्द. सुरक्षित, पण कुणासाठी? इथे खरी गंमत आहे. अप्रोचवर खेळाडूला शेवटच्या पावलाला घसरायचंच असतं, म्हणून बोलिंगच्या बुटाचा तळ गुळगुळीत असतो. तोच माणूस त्याच बुटांनी पायरी उतरतो तेव्हा मात्र त्याला पकड हवी असते. एकाच पायाच्या, एका पावलाच्या अंतरावर, दोन उलट मागण्या!

घसरण मोजायला पेंड्युलम चाचणी वापरतात. ब्रिटनमध्ये ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर घसरण्याची शक्यता कमी मानतात. पण त्या चाचणीतलं रबर साध्या बुटाच्या तळाची नक्कल करतं. बोलिंग शूजच्या तळाला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तेव्हा 'पट्टी घसरणरोधक आहे' असं वाचलं की विचारा: कुठल्या तळव्याखाली?

दुसरा धोका ठेच लागण्याचा. अमेरिकेच्या एडीए मानकांनुसार चालण्याच्या वाटेवर पाव इंचापर्यंतचा, म्हणजे ६.४ मिमीपर्यंतचा, उभा फरक तसाच चालतो. त्यापुढे अर्ध्या इंचापर्यंत उतार द्यावा लागतो. यूएसबीसीच्या नियमांतही अप्रोचवरच्या खड्ड्याची मर्यादा पाव इंचच आहे. आणि लेनसाठी? इंचाचे ४० हजारांश, म्हणजे जेमतेम १ मिमी. चेंडूच्या वाटेची काळजी माणसाच्या वाटेपेक्षा सहापट बारकाईने घेतली आहे. खेळाच्या न्यायासाठी ते योग्यच, पण 'नियमात बसतं' आणि 'सुरक्षित आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे यातून कळतं.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुढे आहे. हे दोन शब्द 'आणि' लावून शेजारी ठेवतात, जणू ते दोन स्वतंत्र गुण आहेत. इथे ते एकमेकांत गुंतलेले आहेत. सैल झालेला स्क्रू डोकं वर काढतो आणि त्यात पाय अडकतो. पोचा पडलेल्या धातूची धार वर येते. पट्टी नवीन असताना घेतलेली सुरक्षिततेची चाचणी पहिल्या दिवसाबद्दल बोलते. माणूस पडतो पाचशेव्या दिवशी. म्हणून आधी झिजवा, आपटा, तापवा-थंड करा, आणि मग घसरण आणि उंचीचा फरक मोजा. हा क्रम ज्या अहवालात नाही, तिथे 'टिकाऊ आणि सुरक्षित' या वाक्याला मी अर्धेच गुण देईन.

मग पेटंट निरुपयोगी का? अजिबात नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात नावीन्य, शोधक पायरी आणि औद्योगिक उपयोग हे तीन निकष आहेत. परीक्षक कागदपत्रं तपासतो, पट्टी प्रयोगशाळेत नेऊन आपटत नाही. त्यामुळे पेटंटमधून रचना शिका: गोलाई दिलेला कोपरा, लपवलेले स्क्रू, बदलता येणारा वरचा थर. कामगिरीचा पुरावा दुसरीकडे शोधा, नाहीतर स्वतः तयार करा. तोच तुमचा रिसर्च गॅप असू शकतो.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातलं एक पेटंट उघडा आणि प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारा. रेघेसमोर तीन गोष्टी लिहा: कशासमोर, कुणासाठी, किती दिवसांनी. जिथे जागा रिकामी राहील, ते विशेषण सिनॉप्सिसमध्ये घेऊ नका. व्हायव्हात पहिला प्रश्न नेमका तिथेच येतो.