आजी, कुकी आणि टक्केवारी

पडद्यावर एक मोठी कुकी. तिला टिचकी मारली की एक कुकी जमा होते. ज्युलिअँ तिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने 'ऑर्टील' या टोपणनावाने ऑगस्ट 2013मध्ये आणलेला 'कुकी क्लिकर' हा खेळ एवढ्याच भांडवलावर उभा आहे. यात हार नाही, वेळेची मर्यादा नाही, शेवटही नाही. आकडा वाढवायचा आणि वाढलेल्या आकड्यातून तो आणखी वाढवणारं साधन विकत घ्यायचं. अशा खेळांना 'इन्क्रिमेंटल' म्हणतात. नुसता हिशोब असता तर तासाभरात कंटाळा आला असता. पण ही खतावणी एका तिरकस डोक्याच्या लेखकाने लिहिली आहे.

साधनांची चढती भाजणीच पाहा. 15 कुकींना एक कर्सर मिळतो, 100 कुकींना एक आजी. पुढे शेत येतं, त्यात कुकीची रोपं उगवतात. खाणीतून मळलेलं पीठ आणि चॉकलेटचे तुकडे निघतात. किमयेची प्रयोगशाळा सोन्याचं रूपांतर कुकींत करते. कालयंत्र तर भूतकाळातल्या कुकी कुणी खायच्या आत उचलून आणतं. हे सगळं सांगताना खेळ जराही हसत नाही, बाजारभाव सांगावेत तसं सांगतो. वर बातम्यांची पट्टी सरकत असते. सुरुवातीला ती कळवते की तुमच्या कुकी कुणालाही खायच्या नाहीत. पुढे जग कुकीवेडं होतं, पण पट्टीचा सूर बदलत नाही.

खेळाचं खरं पात्र म्हणजे आजी. नाकावर चष्मा, केसांचा अंबाडा, सोज्वळ चेहरा. प्रत्येक नव्या साधनाबरोबर तिचा नवा अवतार निघतो: शेतातली आजी, खाणीतली आजी, अंतराळातली आजी. कालयंत्रामुळे तर आज्यांच्या आज्याही कामाला लागतात. मग संशोधन केंद्र उघडतं आणि आज्यांची मनं एकमेकींत मिसळवणारी सुधारणा विक्रीला येते. ती घेतलीत तर नको ते घडेल, असं खेळ स्वतः बजावतो, तरी आपण घेतोच. त्यानंतर पार्श्वभूमी लालसर होते, आज्यांचे चेहरे विरघळतात आणि कडेकडेने जळवांसारखे 'रिंकलर' येऊन कुकीला डसतात. स्वस्तात राबवलेल्या म्हाताऱ्यांचा हा तळतळाट अंगावर काटा आणतो.

आणि इथेच खेळ आपल्याला पकडतो. एक रिंकलर उत्पन्नातले 5 टक्के खातो. दहा आले की पडद्यावरचं उत्पन्न निम्मं होतं. खेळाडू घाबरतो, एकाला टिचक्या मारून फोडतो आणि पाहतो तर गिळलेलं सगळं 10 टक्के वाढीसह परत! त्यातही गंमत अशी, की दहा रिंकलर असताना ते निम्मं उत्पन्न दहाही जणांच्या पोटात वेगवेगळं साठतं. म्हणजे शाप हीच सगळ्यात किफायतशीर बचत योजना. काही मिनिटांपूर्वी ज्यांची धास्ती वाटली होती, त्यांना आपण आता मुद्दाम पोसतो. आज्यांशी अर्ध्या तासाचा तह करायची सोय आहे, पण नफ्याकडे पाहणारा तह कशाला करेल? खेळातली प्रत्येक विलक्षण गोष्ट आधी दचकवते आणि मग तिची टक्केवारी होते. या खेळाचं सामर्थ्य आणि दुखणं एकाच जागी आहे, ते इथे.

दुखण्याचं गणितही साधं आहे. प्रत्येक खरेदीनंतर त्या साधनाची किंमत 15 टक्क्यांनी चढते. पहिली आजी 100 कुकींना, तर एक्कावन्नावी एक लाख आठ हजारांच्या पुढे; मूळ उत्पन्न मात्र दोघींचं सारखंच, सेकंदाला एक कुकी. खर्च दर हंगामाला चढतो आणि एकरी उतारा तिथेच राहतो, हे सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं समजावायला नको. आकडे तर भास्कराचार्यांनाही मागे टाकतात. त्यांच्या 'लीलावती'तली दशमान स्थानांची नावं परार्धाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांशी, थांबतात. या खेळातलं फ्रॅक्टल इंजिन हे साधनच तीन परार्धांहून महाग आहे, आणि त्याच्यापुढेही दुकान चालूच राहतं.

सगळं आपोआप चालतं म्हणावं, तर तेही खरं नाही. मधूनच सोनेरी कुकी उगवते आणि 13 सेकंदांत विरते. ती टिपली तर अनेकदा उत्पन्न 77 सेकंद सातपट होतं. त्यामुळे खेळाची खिडकी बाजूला ठेवली तरी मन तिथेच अडकतं. अखेर सगळं मोडून नव्याने सुरू करायची मुभा मिळते, त्याबदल्यात कायमची वाढ. पण ती वाढ घनमुळाने मोजतात: दुप्पट हवी तर आठपट कुकी भाजा. या टप्प्यावर लेखक थकल्यासारखा वाटतो. नवी विचित्रता क्वचित येते, वाट पाहणं मात्र वाढत जातं.

फ्रँक लँट्झ यांचा 2017चा 'युनिव्हर्सल पेपरक्लिप्स' याच जातीचा आहे, पण तो पेपरक्लिप करत करत सारं विश्व संपवतो आणि मग थांबतो. हावेला शेवट दिल्यामुळे तिथे खेळाडूला स्वतःकडे पाहावं लागतं. 'कुकी क्लिकर' वाढीच्या वेडाची चेष्टा करतो, पण तीच चेष्टा अखंड चालू ठेवल्याने त्या वेडाचाच दुकानदार होऊन बसतो. तरी विनोदाची धार आणि आजीसारखं पात्र लँट्झच्या खेळात नाही, हेही मान्य करायला हवं. म्हणून माझा सल्ला: आज्यांचं बंड होईपर्यंत जीव लावून खेळा, रिंकलर पहिल्यांदा फोडाल तेव्हा मनापासून चकित व्हा; आणि त्यांना पोसण्याचा हिशोब मांडावासा वाटला की खिडकी बंद करा. लेखकाने न लिहिलेला शेवट खेळाडूनेच लिहायचा आहे.