सांधा दिसू द्यावा: एका न उडालेल्या विमानाविषयी

(दिघा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेपर्यंत दिसतंय ना? टेबलावर जे विमान आहे ते कधीच अस्तित्वात नव्हतं. जर्मनीचं चार जेट इंजिनांचं बॉम्बफेकी विमान, साल १९४६. युद्ध १९४५ च्या मे महिन्यात संपलं, म्हणजे हे संपलेल्या युद्धातलं विमान झालं. ते बनवणारा तरुण इथलाच, दिघ्याचा. समोरच बसलाय, पण नाव घेऊ नका म्हणाला. मी त्याच्या कामावर टीका करणार आहे हे त्याला आधी सांगितलंय. तो म्हणाला, करा, फक्त हात लावताना जपून.

या छंदाला दोन-तीन नावं आहेत. वेगवेगळ्या किटमधले भाग एकत्र करून तिसरंच काही बनवलं की त्याला किटबॅशिंग म्हणतात. आणि असं विमान कल्पित इतिहासातलं असलं, तर त्याला म्हणतात 'व्हॉट-इफ'. तुम्ही हे काम पडद्यावर पाहिलेलं आहे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या अवकाशयानांच्या अंगावर जी बारीकसारीक यंत्रं दिसतात, त्यांतली कित्येक रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या प्लॅस्टिक किटमधून उचललेली आहेत. तिथे हेतू एवढाच, की पृष्ठभाग भरलेला दिसावा. इथे हेतू वेगळा आहे. इथे विमान पटलं पाहिजे.

आता हे बनलंय कशातून ते बघू. सगळं १/७२ प्रमाणात. धड हायंकेल १७७ चं, जुन्या साच्यातलं, किट अर्धवट होतं म्हणून स्वस्तात मिळालेलं. पंख इंग्लिश इलेक्ट्रिक कॅनबेराचे. इंजिनं मेसरश्मिट २६२ ची, एका विमानाला दोन, म्हणून दोन किट फोडावी लागली. शेपूट हायंकेलचीच. मोजमाप बघा. हायंकेलचं धड २२ मीटर लांब, म्हणजे इथे साधारण ३० सेंटीमीटर. कॅनबेराचा पंखविस्तार साडेएकोणीस मीटर, इथे २७ सेंटीमीटर. या दोन आकड्यांची जोडी जमते हे ज्याच्या नजरेला आधी दिसलं, त्याला दाद द्यायलाच हवी. हायंकेलचे मूळ पंख एकतीस मीटरांवर जातात, ते जेटच्या वेगाला फार लांब. कॅनबेराचे पंख आखूड आणि रुंद, आणि ते मुळात जेटसाठीच घडवलेले.

आणि हे कॅनबेरा आपल्याला परकं नाही. भारतीय हवाई दलात ते १९५७ पासून २००७ पर्यंत होतं. पन्नास वर्षं. या मॉडेलमध्ये खरोखर युद्ध पाहिलेला भारतीय तुकडा आहे, पण तो ओळखू येत नाही. का येत नाही, त्यावरच मला बोलायचंय.

कॅनबेराची इंजिनं पंखाच्या मध्यात बसवलेली असतात, पंखाखाली टांगलेली नसतात. ती काढली की पंखाला दोन्हीकडे भोकं. यानं ती प्लॅस्टिकच्या शीटनं बुजवली, वर पुट्टी भरली (रंगारी तिला लांबी म्हणतात), मग पॉलिश पेपर, मग परत पुट्टी, परत पेपर. महिनाभर फक्त हेच केलं असं तो म्हणतो, आणि बोट फिरवलं तर खरं वाटतं, काहीच लागत नाही. पुढची गंमत म्हणजे हायंकेलच्या जुन्या साच्यात अंगभर उठावाच्या रिबेटी होत्या आणि कॅनबेराच्या नव्या साच्यात कोरलेल्या बारीक रेषा. दोन पिढ्यांचे साचे. यानं सगळ्या रिबेटी घासून टाकल्या, नव्या रेषा कोरल्या, आणि वरपासून खालपर्यंत एकसारखा ठिपक्यांचा रंग मारला. विमान एका कारखान्यातून, एका दिवशी, एका हातानं बाहेर पडल्यासारखं दिसतं.

इथे बरेच जण एमआयडीसीत मोल्डिंगला आहेत. तुम्हाला मी काय सांगणार? साचा कुठे मिटतो तिथे रेघ येते, डाय झिजली की फ्लॅश येतो, दाणा बदलला की रंग बदलतो. भाग हातात घेतला की कुठल्या मशीनचा ते तुम्ही सांगता. माझी तक्रार हीच आहे. या विमानात तसं सांगता येत नाही. कारागिरी इतकी चांगली की गोष्टच पुसली गेली.

तुम्ही म्हणाल, नीट सांधला तर दोष कसला? तर मी खरं विमान दाखवतो. युंकर्स २८७. पहिला नमुना १९४४ च्या ऑगस्टमध्ये उडाला. चार जेट इंजिनं, दोन पंखांखाली आणि दोन धडाच्या नाकाशी, दोन्ही कानशिलांवर लावल्यासारखी. पंख पुढच्या दिशेला झुकलेले. पहिल्यांदा फोटो बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पंख उलटे चिकटवले.

आणि ते बनलं कसं? धड हायंकेल १७७ चं. बरोबर, हेच. शेपूट युंकर्स ३८८ ची. मागची चाकं युंकर्स ३५२ या मालवाहू विमानाची. आणि नाकाखालची दोन चाकं पडलेल्या अमेरिकन बी-२४ लिबरेटर विमानांची. (हशा) हसू नका, खरं आहे. शत्रूच्या भंगारातली चाकं आपल्या गुप्त विमानाला. किटबॅशिंग छंद म्हणून सुरू व्हायच्या कितीतरी आधी जर्मनांनी ते खऱ्या आकारात करून ठेवलं होतं.

पण प्रत्येक उसन्या भागाला कारण होतं, हे बघा. हान्स व्होके या अभियंत्याला नवा होता तो पंख. मागे झुकलेल्या पंखाची अडचण अशी, की वेग कमी झाला की हवेची पकड आधी टोकाकडे सुटते, आणि वळवायची पाती तर टोकाशीच असतात. म्हणजे नेमक्या उतरायच्या वेळी वैमानिकाचा ताबा जातो. पुढे झुकलेल्या पंखात पकड आधी मुळाशी सुटते, टोक शाबूत राहतं. त्याची किंमतही आहे. हवेच्या दाबानं असा पंख पिळवटतो, जास्त वाकला की आणखी दाब घेतो, आणखी वाकतो. तेव्हा पहिला प्रश्न होता, कमी वेगात हा पंख वागतो कसा? त्यासाठी नवं धड कशाला? तयार आहे ते घ्या. चाकं आत जायची गरज नाही, बाहेरच राहू द्या. वेळ नाही, माल नाही, कारखान्यांवर बॉम्ब पडतायत. म्हणून ते विमान बेढब दिसतं, आणि म्हणूनच त्याच्याकडे पाहून १९४४ चं जर्मनी कळतं. काय होतं, काय संपत आलं होतं, कशाची घाई होती, सगळं सांध्यांवर लिहिलेलं आहे.

आता आपल्या टेबलावरच्या विमानाकडे परत या. १९४६ चं. म्हणजे आणखी दोन वर्षं ओढाताणीची. आणि हे त्याहून गुळगुळीत? कुठल्या कारखान्यात बनलं? कुणी रंगवलं एवढं निवांत?

इंजिनांचंच घ्या. युमो ००४. निकेल, क्रोमियम मिळत नव्हतं, तेव्हा ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा लेप. इंजिन १० ते २५ तास चाले, मग उतरवा. चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचा हिशेब तुम्हीच करा. दर थोड्या फेऱ्यांनी चार नवी. मग मॉडेलवर एक इंजिन नवं, एक जळकं, एकाचं झाकण वेगळ्या रंगाचं, हे दिसायला नको का? चारही सारखी चकचकीत आहेत.

आणि ती इंजिनं बनवत कोण होतं? नॉर्डहाउजेनजवळच्या डोंगरात बोगदे होते, तिथे यातली बरीच बनली. त्याच डोंगरात डोरा छळछावणीचे कैदी राबवले जात होते, मरत होते. हे मी कुणाला लाजवायला सांगत नाही. मुलगा विमानावर प्रेम करतो, नाझींवर नाही, मला माहीत आहे. शेपटीवर स्वस्तिक त्यानं लावलेलं नाही, ते त्यानं स्वतःहून ठरवलं, आणि त्याबद्दल मी त्याला मानतो. पण कल्पित १९४६ म्हणजे ते बोगदे आणखी एक वर्ष चालू. 'युद्ध लांबलं असतं तर' हे वाक्य आपण सहज बोलतो, त्यात हे येतं. सगळीकडे एकसारखा रंग मारला की ते झाकलं जातं. सांधा दाखवला असता तर निदान प्रश्न तरी पडला असता.

आता ही पाटी. स्टँडवर छापलीय. तुकडीचं नाव, दाखल झाल्याची तारीख, दोन मोहिमा, एका वैमानिकाचं नावसुद्धा. सगळं रचलेलं. आणि 'कल्पित' हा शब्द कुठे? खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढा. माझं याच्याशी सगळ्यात जास्त भांडण आहे. उद्या कुणी फोटो काढेल, कोपरा कापला जाईल, परवा तुमच्या फॅमिली ग्रुपवर येईल, 'जर्मनांचं गुप्त विमान'.

मी वाढवून बोलतोय का? आपल्याकडे झालेलं आहे ना. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' उडवलं ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. माणूस खरा, धडपड खरी, आणि ती धडपड मला मोलाची वाटते. उड्डाणाचा मात्र त्या काळातला ठोस पुरावा समोर आलेला नाही. तिच्याजवळच ठेवलं जातं 'वैमानिक शास्त्र'. ते १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवलेलं, आणि त्यातली चित्रं बंगळूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका आरेखकानं काढलेली. बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ साली ते तपासलं आणि ही विमानं उडू शकत नाहीत असं स्वच्छ लिहिलं. ती चित्रं मी किटबॅशरच्या नजरेनं पाहतो. पंखे, दांडे, दातेरी चाकं, त्या काळच्या वर्कशॉपमध्ये दिसणाऱ्या वस्तू एकमेकींना जोडलेल्या. काढणाऱ्यानं आपल्याला माहीत होतं तेच किट फोडलं, दुसरं काय करणार? त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच झालं की पुढच्या लोकांनी सांधे घासून टाकले आणि त्याला प्राचीन म्हटलं. २०१५ साली मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तिथपर्यंत ते पोचलं.

म्हणून पाटीवर 'कल्पित' हा शब्द मथळ्याच्या मापात हवा. त्यानं मजा कमी होत नाही. खाली किटची नावंही द्यावीत. माझ्या मते हीच या कलेची सही आहे.

आता काय चांगलं आहे ते राहूनच जाईल. काचेचं नाक. त्याच्या आत, इथून दिसणार नाही, पण वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे रनरचा तुकडा मेणबत्तीवर तापवून, ओढून, चपटे करून लावलेत. फेकायच्या मालातून. तिथे याचा हात मोकळा आहे. आणि पोटाखाली एक ठिगळ आहे, चौकोनी, थोडं वाकडं. मी विचारलं, हे मुद्दाम? तो म्हणाला, नाही सर, तिथे माझी सुरी घसरली. (हशा) सबंध विमानात मला सगळ्यात पटलेली जागा ती. तिथे हे विमान दुरुस्त झालेलं आहे, म्हणजे वापरलं गेलेलं आहे.

पुढचं काय करू असं त्यानं विचारलंय. मी सुचवतो, पटलं तर घ्यावं. लिबरेटरचं किट मिळतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ती विमानं टाकून दिली, परत वापरता येऊ नयेत अशी मोडून. एचएएलच्या लोकांनी त्या ढिगातून एकाचं हे, दुसऱ्याचं ते असं जमवून त्यांना उडण्याजोगं केलं, जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकानं ती एकेक करून बंगळूरला नेली, तिथे ती पूर्ण दुरुस्त झाली. अशी चाळीसच्या आसपास. आपल्या हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. तोच बी-२४, ज्याची चाकं त्या युंकर्सला लागली होती. यात कल्पित काही करावं लागणार नाही. पण कानपूर ते बंगळूर या पहिल्याच फेरीतलं विमान कसं दिसत असेल? कुठला पत्रा कुठल्या विमानाचा? कुठे कुणाचा क्रमांक अर्धवट राहिला असेल? ते बनवायला पुट्टी कमी लागेल आणि विचार जास्त.

बरं, आता हे फिरवतो. पंखाला धरू नका, धडाखालून उचला. नाकाखालचं चाक सैल आहे, पडलं तर कृपा करून तिथेच शोधा.