तीन विहिरी आणि एक तळं

पंजाबातल्या जालंधर जिल्ह्यातल्या सीचेवाल गावाने सांडपाण्याची जी व्यवस्था उभी केली, तिचा पहिला गुण म्हणजे अल्पाक्षरत्व. तीन गोल विहिरी, एक तळं, एक मोटार आणि शेताकडे गेलेली पाइपलाइन. एवढ्यात गावाचं पाणी निघतं. रसायन लागत नाही, हवा घुसवणारी यंत्रं लागत नाहीत.

पहिल्या विहिरीत पाणी गोल फिरत उतरतं, त्याचा वेग मोडतो, आणि वाळू, माती, जड मैला तळाशी बसतो. दुसरीत तेलाचा तवंग आणि तरंगणारा कचरा अडतो. पुढे नेणाऱ्या नळीचं तोंड पाण्याखाली ठेवलं की वरचं वरच राहतं; सगळी कारागिरी त्या बुडालेल्या तोंडात आहे. तिसरी विहीर कुणाला पुनरुक्ती वाटेल. पण सकाळी अंघोळी-धुण्याच्या वेळी सगळ्या गावाचं पाणी एकदम लोटतं, तेव्हा पहिल्या दोघींच्या हातून निसटलेलं धरायला ती हवीच.

खरा रस तळ्यात आहे. पाण्यात विरघळलेली घाण जिवाणू खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. हेच जेवण नदीत झालं असतं तर माशांच्या वाट्याचा प्राणवायू संपला असता. इथे तो शेवाळ पुरवतं, उन्हाच्या जोरावर. शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला की भर दुपारी पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढतो. तो आणि वरून ऊन, अशा दुहेरी माऱ्यात रोगजंतू मरत जातात. घाई केली तर यातलं काहीच साधत नाही. पाणी तळ्यात दिवसच्या दिवस मुरावं लागतं.

आणि शेवट! इतकं निवळल्यावर पाणी नदीत सोडतील असं वाटतं, पण ते जातं शेतात. याचं कारण नदीच्या कहाणीत आहे. जवळून वाहणारी काली बेईं ही नदी सुमारे १६० किलोमीटर लांब. गुरू नानकदेव सुलतानपूर लोधीला असताना हिच्यात स्नान करत. तिची गटारगंगा झाली होती. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा सुरू केली, लोक पात्रात उतरले आणि हातांनी जलपर्णी उपसली. पण सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद नदीला मिळत राहिलं तर जलपर्णी पुन्हा माजणारच. तेच नत्र-स्फुरद गव्हाला दिलं की नदीतल्या जलपर्णीचं खाद्य तुटतं. (आपल्या इंद्रायणी-पवनेवर जलपर्णी काढण्याची कंत्राटं पुन्हा पुन्हा निघतात, ती काढणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.) नदीला हात न लावता नदी राखण्याची ही रीत मला कुठल्याही चकचकीत प्रकल्पापेक्षा देखणी वाटते.

उणिवा आहेत. पावसाळ्यात शेतं आधीच तुडुंब असतात, तेव्हा पाणी घ्यायला कुणी तयार नसतं आणि तळं काठोकाठ भरतं. विरघळलेले क्षार या विहिरींना अडवता येत नाहीत. कारखान्याचं पाणी गटारात घुसलं तर जिवाणूच मरतात. तळाचा गाळ वेळेवर उपसला नाही तर पहिली विहीर नावाला उरते आणि सगळा मैला सरळ तळ्यात जातो. तेव्हा हे नक्षीकाम दुसऱ्या गावात उतरवायचं असेल, तर नकाशाबरोबर गाळ उपसणाऱ्याचा पगारही पंचायतीच्या अंदाजपत्रकात धरावा लागेल.