स्मरणशक्तीचे रकाने किती?

आपण ज्याला फेफरं किंवा मिरगी म्हणतो, त्याचं शास्त्रातलं नाव अपस्मार. त्या नावातच 'स्मर' आहे, म्हणजे आठवण. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण धरणं कायमचं गेलं. आज अशा शस्त्रक्रियेआधी स्मरणाची चाचणी घेतात. तेव्हा तिचे गुण नेमकं काय सांगतात, हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

वेक्सलर यांच्या चाचणीची तिसरी आवृत्ती 1997 ची. गुणांमागे पाच घटक आहेत असा दावा होता: ऐकलेलं लगेच सांगणं, ऐकलेलं उशिरा सांगणं, पाहिलेल्याचे तसेच दोन, आणि मनात धरून काम करणं. 1999 मध्ये मिलिस आणि सहकाऱ्यांनी हा दावा तपासला, तर 'लगेच' आणि 'उशिरा' वेगळे निघेनात. तीनच उरले.

आमचा आक्षेप तीन की पाच यावर नाही. घटक म्हणजे मेंदूतली खोली, असं समजण्यावर आहे. काही गुण सोबत वर-खाली होतात, एवढंच घटक सांगतो. निरोगी माणसाला लगेच आठवलेलं बहुधा अर्ध्या तासानेही आठवतं, म्हणून ते गुण एकत्र पडतात. ज्याची आठवण टिकतच नाही, त्याच्यात तेच गुण फाकतात. माणसं बदलली की रचना बदलते.

न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. आग आहे म्हणून धूर असणारच, असं नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. आता आपल्या धामणगाव बढ्यात चौथीतून शाळा सुटलेली बाई आणि पदवीधर मुलगा एकाच ढिगात मोजा. सगळे गुण सोबत हलतील, आणि आपण म्हणू, "बघा, स्मृती एकच!" इथे ओलं सरपण म्हणजे शाळा. बंगळूरच्या निम्हान्सने 2004 च्या चाचणीसंचात वय आणि शिक्षणानुसार वेगळे निकष दिले, ते यासाठीच मोलाचे.

आणखी एक. डावी बाजू शब्दांची, उजवी चित्रांची, असं सांगतात. पण अनोळखी आकृती दाखवली की आपला शेतकरी म्हणतो, "ही तर तिफण!" झालं, चित्राचा शब्द झाला. मग तो गुण कोणत्या रकान्यात टाकायचा? चित्रांच्या चाचण्या उजव्या बाजूचा दोष पकडण्यात कच्च्या पडतात, त्याचं एक कारण हेच.

औषधांचंही आहे. फेनोबार्बिटोन, टोपिरामेट यांनी विचार मंदावू शकतो, गुण घसरू शकतात. डॉक्टरांना ते जरूर विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.