दर्जा कुणाचा, मोजपट्टी कुणाची?

कर्करोग झालेल्या माणसाचे दुःख मोजण्याची साधने वैद्यकशास्त्राने पुष्कळ तयार केली. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडे लक्ष जायला मात्र उशीर लागला. १९९९ साली अमेरिकेत वाइट्झनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या ‘जीवनाचा दर्जा’ मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. पस्तीस विधाने, प्रत्येकापुढे शून्य ते चार असे आकडे. गेल्या सात दिवसांत हे विधान तुमच्या बाबतीत किती खरे होते, तेवढे सांगायचे.

साहित्याच्या अंकात प्रश्नावलीची समीक्षा कशाला, असे कुणी म्हणेल. पण प्रश्नावली ही संहिताच असते. तिला लेखक असतो, आणि वाचणाऱ्याचे घर, पगार, शेजार तिने गृहीत धरलेले असते. ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’ वाचल्यावर आपण एक प्रश्न विचारायला शिकलो: कोण कुणाविषयी बोलतो आहे? तोच प्रश्न इथेही विचारला पाहिजे.

या प्रश्नावलीचे श्रेय नाकारायचे कारण नाही. झोप, मरणाची भीती, पैशाची ओढाताण हे सगळे ती विचारते. आजारपणात घरातली माणसे एकमेकांशी अधिक बोलू लागली का, हेही विचारते. पण बाकीची काही विधाने पाहा. रोजचा क्रम बदलल्याचा त्रास. घराबाहेरच्या आवडीनिवडी जपणे अवघड होणे. विम्याची काळजी. रुग्णाला तपासणीसाठी गाडीतून नेण्या-आणण्यास सतत हजर राहावे लागणे. या सगळ्यामागे एक चित्र आहे. आजारापूर्वी आयुष्य बऱ्यापैकी सुरळीत होते आणि आजाराने त्यातले काही हिरावून नेले. जे हिरावले, ते मोजायचे.

कोडोलीत आमच्या वस्तीत हे चित्र उभेच राहत नाही. घशाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नवऱ्याचे करणारी एक बाई मी जवळून पाहिली आहे. ती भांगलणीला जाणारी. कोल्हापूरला न्यायचे म्हणजे दोघांचे एसटीचे तिकीट आणि बुडालेला रोज. मुंबईला बोलावले की महालक्ष्मी एक्स्प्रेसचा जनरल डबा. दादरला उतरून गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळते का पाहायचे, नाही तर परळचा फूटपाथ. तिला मी ही विधाने आमच्या बोलीत करून विचारली. आवडीनिवडींच्या प्रश्नाला ती नुसती हसली. रोजचा क्रम बदलला का, यावर म्हणाली, “बदलतोय कशाचा? आदी रानात राबत हुतो, आता घरात बी राबतो.” आता हिशेब करा. क्रम बदलल्याचा त्रास शून्य, आवडी सुटल्याचा त्रास शून्य. म्हणजे तिच्या जीवनाचा दर्जा चांगला! जिला पडायला उंचीच नव्हती, तिची पडझड ही पट्टी कशी मोजणार?

हा धोका अमर्त्य सेन यांनी २००२ साली आपल्याच देशातल्या राज्यांवरून दाखवला. केरळात आयुर्मान सर्वांत जास्त, तरी आजारी असल्याचे सांगणारेही तिथेच जास्त. बिहारात आयुर्मान कमी आणि तक्रारही कमी. शाळा आणि दवाखाना जिथे पोचतो तिथे माणूस दुखण्याला दुखणे म्हणतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. दुखणे अंगावर काढू नये हे मला पुस्तकांनी शिकवले. माझ्या आईला ते कुणी शिकवले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही याच अडचणीत सापडते. आपल्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहून, आपल्या अपेक्षांच्या संदर्भात, माणूस आपले स्थान कसे पाहतो, हा तिच्या मते जीवनाचा दर्जा. पण आपल्याकडे कुणी किती अपेक्षा ठेवायची, हे जातीनेच ठरवून दिले आहे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिनेच घालून दिलेल्या अपेक्षांनी माणसाचा दर्जा मोजायचा काय? १९२७ साली महाडला आपल्या माणसांनी पाण्याबरोबर स्वतःकडून आणि समाजाकडून असलेली अपेक्षाही बदलली, हे विसरून चालणार नाही.

भाषेचा प्रश्नही साधा नाही. ‘काळजीवाहक’ हा शब्द आमच्या गल्लीत कुणी उच्चारत नाही. इथे विचारतात, “त्याचं कोण करतंय?” काय करतंय हे सांगावे लागत नाही. थुंकीचे भांडे, अंथरूण, औषध, पातळ पेज, सगळे त्या एका क्रियापदात येते. आणि ते क्रियापद बहुधा बाईच्याच वाट्याला. सासूसमोर तिला ‘ओझे वाटते का’ विचारले तर ‘न्हाई’ हेच उत्तर येणार. तो आकडा तिच्या मनाचा कसा म्हणायचा? तो घरातल्या सत्तेचा आकडा आहे.

म्हणून आपले प्रश्न आपण लिहिले पाहिजेत. किती रोज बुडाले? घरातल्या कुणाची शाळा सुटली? डोरले गेले की म्हैस? कर्ज कुणाचे, किती टक्क्यांनी? परगावी रात्री कुठे झोपलात? वॉर्डात तुमच्याशी कसे बोलले? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णाच्या उपचाराचा खर्च उचलते, हे मोलाचेच आहे. पण जी करते, तिच्या बुडालेल्या रोजाला त्या हिशेबात खाते नाही. जे विचारले जात नाही, ते मागताही येत नाही.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. खेड्यातला रुग्ण मोजला गेला, म्हणून तो शास्त्राला दिसू लागला. त्याचे करणारी माणसेही अशीच नोंदली गेली पाहिजेत. आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत फिरतात. त्यांनी आपल्याच वस्तीतल्या दहा घरांपासून सुरुवात करावी. बाई एकटी असेल अशी वेळ पाहून जावे, तिच्या बोलीत विचारावे, आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आकडे त्यानंतर घालता येतील.